मनोरुग्णांचा निर्वाह : दया कीं हक्क?

एखाद्याचा हात यंत्रांत सांपडून तुटला तर तोच हात पुन्हां कामास लाव, असें त्यास कोणी सांगत नाहीं. डोळे गेलेल्या मनुष्यास 'जरा मन घट्ट कर, म्हणजे दिसूं लागेल' असा उपदेश करणारा महाभाग अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु ज्याचें मनच आजारी पडलें आहे, ज्यास सकाळीं अंथरुणावरून उठणें गड चढण्यासारखें झालें आहे, अथवा ज्याच्या कानांत दुसऱ्या कोणासही ऐकूं न येणारे शब्द रात्रंदिवस घुमत आहेत, त्यास मात्र हा उपदेश घरचीं माणसें करतात, शेजारी करतात, मालक करतो. आणि शेवटीं, ज्याच्या दारीं तो निर्वाहापुरतें मागावयास जातो तें सरकारही आपल्या दप्तरी भाषेंत हाच उपदेश करतें. या शेवटल्या उपदेशाविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. घरच्या माणसांचें अज्ञान एक वेळ क्षम्य मानतां येईल. पण स्वतःच कायदा करून बसलेल्या राज्यास अज्ञानाची सबब सांगतां येत नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदांत, बेकारी, वार्धक्य, आजार व विकलता अशा प्रसंगीं नागरिकास सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तरतूद राज्यानें करावी, असें मार्गदर्शक तत्त्व सांगितलें आहे. संसदेनें २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला व तो एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्यांत एकवीस प्रकारचीं व्यंगें गणिलीं असून मनोविकार हें त्यांपैकीं एक आहे. विचार, भावना, आकलन, भान किंवा स्मृति यांत मोठा बिघाड होऊन ज्याची निर्णयशक्ति, वर्तन, वास्तव ओळखण्याची बुद्धि अथवा रोजच्या जीवनाच्या सामान्य गरजा भागविण्याची पात्रता फार खालावली आहे, तो या कायद्याच्या अर्थानें मनोविकारी होय. असें व्यंग शेंकडा चाळीस किंवा त्याहून अधिक ठरलें म्हणजे कायद्यांतील विशेष सवलतींचें दार उघडतें. चोविसाव्या कलमांत तर दिव्यांगांसाठीं निवृत्तिवेतन, बेकारीचा भत्ता, ज्यास सतत सेवेची गरज आहे त्याच्या सेवकासाठीं भत्ता, अशा योजना सरकारनें कराव्या असें सांगून, इतरांसाठीं असलेल्या तशाच योजनांहून दिव्यांगांस निदान शेंकडा पंचवीस अधिक द्यावें, अशीही तरतूद आहे. हें सर्व वाचून कोणासही वाटावें कीं, आतां मनोरुग्णाच्या पोटाची चिंता सरली.

परंतु घटनेंतील त्या अनुच्छेदांत आणि कायद्यांतील त्या कलमांत एक समान शब्दयोजना आहे, तिकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. दोन्हीं ठिकाणीं 'आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत' असें म्हणून मगच देण्याची भाषा केली आहे. ज्या दानास दात्यानें स्वतःच मर्यादा घालावयाची, आणि ती किती हेंही त्यानेंच ठरवावयाचें, त्यास हक्क हें नांव देणें म्हणजे भाषेचा अपमान आहे. आमचें म्हणणें असें कीं, मनोरुग्णास आज जें मिळतें तें नांवानें हक्क असून स्वरूपानें भीक आहे. आणि भीक मागण्यास जी चलाखी, जी चिकाटी व जी लाज सोडण्याची तयारी लागते, ती तर या रोगानें आधींच हिरावून नेलेली असते.

थोडें मागें जाऊन पाहिलें तर हें व्यंग कोठून आलें तें कळून येईल. इंग्रजी अमलांत १८५८ सालीं व पुढें १९१२ सालीं वेड्यांविषयीं जे कायदे झाले त्यांचा मुख्य हेतु वेड्यास आवरून ठेवणें व त्याच्या इस्टेटीची व्यवस्था लावणें हा होता. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांचीं नांवें आपल्या बोलण्यांत उपहासापुरतींच येतात, त्याचें मूळ या कोंडण्याच्या काळांत आहे. १९८७ च्या कायद्यानें 'वेडा' हा शब्द जाऊन 'मनोरुग्ण' आला. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ सालीं जिल्हा कार्यक्रम निघाला. पुढें २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्यें लागू होऊन उपचार मिळणें हा रोग्याचा हक्क ठरला. म्हणजे पहिल्या पायरीवर आपण रोग्यास कोंडलें, दुसऱ्या पायरीवर त्यास औषध देऊं लागलों. तिसरी पायरी मात्र अद्याप चढावयाची आहे. औषध घेऊन जो घरीं परतला, पण ज्यास अजून वर्ष, दोन वर्षें किंवा जन्मभर काम झेपणार नाहीं, त्यानें खावें काय? कोंडून ठेवणारें जुनें सरकार निदान त्यास दोन वेळां जेवूं घालीत असे! मोकळा केलेला रोगी उपाशी राहणार असेल तर त्या मोकळिकीचें फारसें भूषण मिरवूं नये.

आतां प्रत्यक्ष योजनांकडे वळूं. महाराष्ट्रांत १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. अठरा ते पासष्ट वर्षें वयाच्या ज्या निराधारांस ती लागू होते त्यांत शेंकडा चाळीस किंवा अधिक व्यंग असलेल्यांचाही समावेश होतो. अनुदानाची रक्कम पुष्कळ वर्षें दरमहा ६०० रुपये होती; २०१९ सालीं ती १००० झाली, २०२३ मध्यें १५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांपुरती ती २५०० रुपये करण्यांत आली. ज्यांनीं ही वाढ केली त्यांस आम्ही धन्यवादच देतों. केंद्र सरकारचें इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन २००९ सालीं सुरू झालें. तें दारिद्र्यरेषेखालच्या व शेंकडा ऐशीं व्यंग असलेल्यासच मिळतें, आणि केंद्राचा त्यांतील वांटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवर खिळून राहिला आहे. तीनशें रुपये म्हणजे दिवसास दहा रुपये! बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत जें सर्वेक्षण केलें, त्यांत रोग्याच्या कुटुंबास केवळ उपचार व जाण्यायेण्याचा प्रवास यांपायीं महिन्यास हजार ते दीड हजार रुपये खर्च येतो असें आढळून आलें. त्या वेळीं महाराष्ट्रांतील अनुदान ६०० रुपये होतें. तेव्हां त्या अनुदानानें रोग्याचें पोट भरणें दूरच, त्याच्या औषधाची पुडी व मोटारीचें तिकीट यांचीही भरपाई होत नव्हती.

परंतु रकमेचा प्रश्न आम्ही दुय्यम मानतों. रक्कम आज ना उद्यां वाढेल. खरी मेख निराळीच आहे, आणि ती अशी कीं, जें साहाय्य मन आजारी आहे म्हणून द्यावयाचें, तें मिळविण्याची वाट मन निरोगी असलेल्यासच चालतां येईल अशी आंखली आहे.

समजा, विट्यास यंत्रमागावर काम करणारा एक पस्तिशींतील मनुष्य आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यास असें वाटूं लागलें कीं, बरोबरचे कामगार चहांत कांहीं घालतात, रस्त्यावरचे लोक आपल्यावर पाळत ठेवतात. त्यानें काम सोडलें. बायको माहेरीं गेली. म्हातारी आई दुसऱ्यांच्या घरचीं भांडीं घासून दोघांचें चालविते. आतां या मनुष्यानें अनुदान मिळवावयाचें तर काय करावें? शिधापत्रिका पाहिजे, वयाचा पुरावा पाहिजे, राज्यांत पंधरा वर्षें राहिल्याचा दाखला पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पाहिजे. त्यासाठीं तलाठ्याकडे, तेथून सेतु केंद्रांत, तेथून तहसील कचेरींत खेटे घालावयाचे. व्यंगाचें प्रमाणपत्र जून २०२१ पासून केवळ सरकारी संकेतस्थळामार्फतच मिळतें. म्हणून तेथें अर्ज भरून, नेमल्या दिवशीं जिल्ह्याच्या रुग्णालयांत रांगेंत उभें राहावयाचें. बँकेचें खातें आधार क्रमांकाशीं जोडलेलें पाहिजे. म्हणजे ज्यास जग आपल्यावर पाळत ठेवीत आहे असें वाटतें, त्यानें यंत्रापुढें बसून बोटांचे ठसे व डोळ्यांचें चित्र द्यावें! ज्याच्या रोगाचें मुख्य लक्षणच हें कीं आपण आजारी आहों हें त्यास पटत नाहीं, त्यानें 'मी मनोरुग्ण आहें' अशा अर्जावर सही करावी! आणि ज्यास विषण्णतेमुळें आंघोळीस उठणें होत नाहीं, त्यानें 'साहेब आज रजेवर आहेत, पुढल्या बुधवारीं या' हें वाक्य तीनदां ऐकून चवथ्यांदा तितक्याच उत्साहानें यावें! हें सर्व जो करूं शकेल त्यास कामावर ठेवावयास कोणताही मालक तयार होईल. लंगड्यासाठीं कुबड्या ठेवावयाच्या, पण त्या माडीवर. अशांतलाच हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, अशा रोग्याची आई आहे, भाऊ आहे, ते खेटे घालतील. ज्यांस आई आहे त्यांचें ठीक. पण म्हातारी आई एक दिवस सांगलीस गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते हें विसरूं नये. आणि ज्यास कोणीच नाहीं, जो स्टेशनच्या फलाटावर वा देवळाच्या ओवरींत पडून आहे, तो सर्वांत अधिक निराधार असूनही निराधारांच्या योजनेंत कधींच येत नाहीं. वर सांगितलेल्या सर्वेक्षणांत तीव्र मनोविकार असलेल्यांपैकींही शेंकडा सत्तरहून अधिक लोक उपचारावांचूनच असल्याचें दिसलें. ज्यानें डॉक्टराचें तोंड पाहिलें नाहीं त्याजवळ डॉक्टराचा कागद कोठून असणार? आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? सारांश, या पद्धतींत रोग जितका भारी तितकें साहाय्य दूर, असा उलटा न्याय आहे.

व्यंग किती हें ठरविण्याचें जें माप आहे त्याचाही विचार केला पाहिजे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीनें तयार केलेलें हें माप २००२ सालीं सरकारनें मान्य केलें व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनींही तेंच कायम ठेविलें. स्वतःची निगा, माणसांशीं संबंध, बोलणें व समजणें, आणि काम, अशा चार बाबींस प्रत्येकीं शून्यापासून चारपर्यंत गुण. शिवाय आजार किती वर्षांचा यास एक ते चार गुण. बेरीज सात किंवा अधिक आली तर व्यंग शेंकडा चाळिसाच्या वर. हें माप करणाऱ्यांनीं मोठें काम केलें यांत संशय नाहीं. त्यापूर्वीं मनाचें व्यंग मोजण्यास सर्वमान्य असें कांहींच नव्हतें. तथापि, माप चांगलें असलें तरी तें ज्या कामास लावावयाचें त्यास तें पुरतें कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. उदाहरण घ्या. एक मनुष्य स्वतःची निगा नीट ठेवितो : गुण शून्य. बोलतो-समजतो नीट : शून्य. माणसांत मिसळणें थोडें कमी झालें आहे : एक. काम मात्र मुळींच होत नाहीं : चार. आजार दीड वर्षाचा : एक. बेरीज सहा. म्हणजे ज्यास काम करणें सर्वथा अशक्य झालें आहे असें हेंच माप कबूल करितें, तोच मनुष्य चाळीस टक्क्यांच्या आंत राहून रित्या हातानें परत येतो. आजार जुना झाला कीं गुण वाढतात. तेव्हां अशा रोग्यास जणूं असें सांगितलें जातें कीं, बाबा रे, अजून कांहीं वर्षें उपाशी राहून ये, मग तुझें पाहूं. ज्या पहिल्या दोन वर्षांत थोड्या आधारानें मनुष्य पुन्हां उभा राहण्याचा संभव अधिक, नेमका त्याच काळांत आधार नाकारण्यांत कोणतें शहाणपण आहे, हें आम्हांस कळत नाहीं.

दुसरें असें कीं, हा रोग भरती-ओहोटीसारखा आहे. तपासणीच्या दिवशीं आईनें आंघोळ घातलेला, भांग पाडलेला, रात्रीं औषध घेऊन झोपलेला मनुष्य डॉक्टरापुढें बसतो व नांव-गांव नीट सांगतो. दहा मिनिटांत त्याचें महिनाभराचें जिणें कसें कळावें? तुटलेला हात बुधवारीं तुटलेला व गुरुवारीं धड असा नसतो, मन असतें. त्यामुळें ज्या दिवशीं रोगी बरा दिसतो तो दिवस त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. आणि ज्या दिवशीं तो खरोखर खालावतो त्या दिवशीं तो तपासणीस येऊंच शकत नाहीं, म्हणून त्याची गैरहजेरी लागते.

आतां कुटुंबाच्या उत्पन्नाची अट घ्या. दिव्यांगाच्या बाबतींत कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपेक्षां अधिक असतां कामा नये, असा या राज्य योजनेचा दंडक आहे. पन्नास हजार म्हणजे दिवसास १३७ रुपये. पांच माणसांच्या घरांत माणशीं सत्तावीस रुपये. जें घर याहून चार पैसे अधिक मिळवितें तें सरकारच्या दृष्टीनें आपल्या रोग्यास पोसण्यास समर्थ! आमच्या कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनीं एकदां अशा घरांत जाऊन बसावें. तेथें भाऊ निर्दय नसतो. पण त्याचा स्वतःचा संसार असतो, मुलांची फी असते, आणि जेवतांना एका ताटाकडे सर्वांची नजर जाते. ज्यास तें ताट वाढलें जातें तो रोगी असला तरी त्या नजरा ओळखण्याइतका शहाणा असतो. महिन्याचीं ठराविक चार नाणीं त्याच्या नांवानें घरांत आलीं असतीं तर तोच मनुष्य त्या घराचा भार न वाटतां घटक वाटला असता. उत्पन्न मोजावयाचेंच तर रोग्याचें मोजा. भावाच्या पगारानें बहीण किंवा भाऊ बरा होत नाहीं.

या विषयावर जे आक्षेप नेहमीं घेतले जातात त्यांतील तिहींचा परामर्श घेणें अवश्य आहे. पहिला आक्षेप लबाडीचा. हात-पाय धड असलेले लोक वेडाचें सोंग घेऊन तिजोरी लुटतील, असें म्हणतात. लबाड लोक सर्वत्र असतात. परंतु लबाडाजवळ कागद नेहमीं पुरे असतात, रांगेंत उभें राहण्यास बळ असतें, आणि साहेबाचा चपराशी त्याच्या ओळखीचा असतो. कागदांचें व खेट्यांचें कुंपण जितकें उंच करावें तितका लबाड सहज उडी मारून जातो व रोगी बाहेर राहतो. चोर सोडून संन्याशास फांशी म्हणतात तें हेंच. शिवाय ज्या समाजांत मनोरुग्ण ठरलेल्याच्या बहिणीचें लग्न जुळत नाहीं, ज्यास भाड्यानें खोली मिळत नाहीं, तेथें महिना अडीच हजारांसाठीं हा शिक्का आपल्या कपाळीं मारून घेण्यास लोक धांवत सुटतील, ही कल्पना करणारांनीं आपल्याच समाजाकडे डोळे उघडून पाहिलेलें नाहीं.

अविश्वासाचा हा रोग केवळ आपल्या दारिद्र्यांतून आलेला नाहीं, हें श्रीमंत देशांच्या अनुभवावरून दिसून येतें. इंग्लंडांत १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानें असें तत्त्व घालून दिलें कीं, साहाय्य घेणाऱ्याची स्थिति अगदीं कनिष्ठ मजुराच्या स्थितीहून बरी असतां कामा नये. तो कायदा पुस्तकांतून गेला, पण मनांतून गेला नाहीं. २००८ सालीं तेथें आजारामुळें काम करूं न शकणाऱ्यांसाठीं नवा भत्ता निघाला व त्याबरोबर कार्यक्षमतेची तपासणी आली. मे २०१३ मध्यें तेथील वरिष्ठ न्यायाधिकरणानें असें ठरविलें कीं, ही पद्धति मनोरुग्णांस इतरांच्या मानानें विशेष गैरसोयीची आहे. कारण वैद्यकीय पुरावा गोळा करून मांडणें हेंच त्यांस कठीण असतें. पुढें मार्च २०१७ मध्यें दुसऱ्या एका भत्त्याचे नियम असे बदलण्यांत आले कीं, मानसिक क्लेशांमुळें ज्यांस प्रवास करतां येत नाहीं त्यांस कमी गुण मिळावे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथील उच्च न्यायालयानें तो बदल भेदभावाचा म्हणून रद्द केला. पैसा असून, कचेऱ्या असून, तज्ज्ञ असून तेथेंही मनाच्या दुखण्यास शरीराच्या दुखण्यापेक्षां अधिक पुरावा मागितला गेला. यावरून बोध हा कीं, नुसती रक्कम वाढवून हा दोष जात नाहीं. तो पाहण्याच्या दृष्टींत आहे.

दुसरा आक्षेप आळसाचा. आयतें मिळूं लागलें म्हणजे रोगी काम शोधणार नाहीं, असें म्हणणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. काम न करणें ही मनोरुग्णाची चैन नसून त्याच्या दुःखांतील मोठें दुःख आहे. उठावें, चार माणसांत जावें, संध्याकाळीं कमावून घरीं यावें, ही त्याचीही इच्छा असते. त्यास कामापासून जर कोणी दूर ठेवीत असेल तर तो अनुदानाचा लोभ नसून तें कायमचें जाण्याचें भय होय. कोणी बरा होत आलेला मनुष्य दुकानांत चार महिने काम करून पाहूं म्हणतो. पण मनांत येतें, मी कमावतों असें दिसलें कीं नांव कमी होईल, आणि पुढें दुखणें उलटलें तर पुन्हां तलाठी, पुन्हां सेतु, पुन्हां जिल्हा रुग्णालय! तेव्हां तो शहाणपणानें घरीं बसतो. आळसाची ही शिकवण त्यास रोगानें दिली नाहीं, नियमांनीं दिली.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. राज्यास परवडत नाहीं, असें सांगतात. पण राज्यास हें कसें करावें तें ठाऊक आहे, व जेथें मनुष्य संघटित आहे तेथें ही सोय झालीही आहे. १९४८ च्या कायद्यानें उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेंत दीर्घ मुदतीच्या चौतीस रोगांची जी यादी आहे तींत छिन्नमनस्कता, तीव्र विषण्णता, उन्मादविषण्णता व स्मृतिभ्रंश हे विकार आहेत. आणि अशा विकारानें काम थांबलेल्या, अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदार कामगारास सरासरी वेतनाच्या शेंकडा ऐशीं इतकी रक्कम दोन वर्षेंपर्यंत मिळूं शकते. सरकारी नोकरास तर २०१६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमाचें संरक्षण आहे : नोकरींत असतां व्यंग आलें म्हणून त्यास काढतां येत नाहीं, झेपत नसेल तर तशाच वेतनाच्या दुसऱ्या जागीं न्यावें लागतें. केंद्रीय राखीव पोलीस दलांतील एका मनोविकारग्रस्त अधिकाऱ्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें, त्याच्यावरील शिस्तभंगाची कारवाई हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, असा निर्णय दिला. ह्या सर्व गोष्टी योग्यच आहेत. परंतु एकच रोग, तोच भ्रम, तीच रात्रीची तळमळ. विमेदार कामगारास झाली तर पगाराचे चार पंचमांश, आणि त्याच्या शेजारीं राहणाऱ्या ऊसतोड मजुरास किंवा मोलकरणीस झाली तर तलाठ्याच्या दारचे खेटे, हा न्याय कोणत्या शास्त्रांत बसतो? ज्यांस कांहींच नाहीं त्यांच्याच ताटांतलें राखून तिजोरी वांचविण्याचा हा विचार म्हणजे दांत कोरून पोट भरण्याचाच विचार आहे.

नुसते दोष दाखवून थांबणें हें लेखकाचें अर्धें काम झालें; म्हणून उपायही सांगतों. पहिला उपाय हा कीं, अर्ज करण्याचें ओझें रोग्याच्या डोक्यावरून उतरवून राज्यानें तें आपल्या डोक्यावर घ्यावें. ज्या सरकारी मनोविकारतज्ज्ञानें रोग ओळखला त्यानेंच, रोग्याच्या वा त्याच्या माणसाच्या संमतीनें, तेथल्या तेथें प्रमाणपत्राची व अनुदानाची शिफारस करावी. बाकीचे कागद कचेरीनें कचेरीकडून मागवावे. शिधापत्रिका सरकारची, उत्पन्नाचा दाखला सरकारचा, आधार सरकारचा. मग सरकारचेच कागद सरकारला नेऊन दाखविण्याची हमाली आजारी माणसानें कां करावी? दुसरा, जो येऊं शकत नाहीं त्याच्या घरीं, आणि ज्यास घर नाहीं त्याच्याकडे तो जेथें असेल तेथें, तपासणी जावी. तिसरा, काम करण्याची अक्षमता हीच जेथें साहाय्याची कसोटी, तेथें त्या एका बाबीचे पुरे गुण आले असतां बेरजेच्या अभावीं कोणास परत पाठवूं नये, व आजार नवा म्हणून आधार नाकारूं नये. चवथा, काम करून पाहणाऱ्याचें नांव यादींतून कमी न करतां वर्षभर राखून ठेवावें, म्हणजे दुखणें उलटल्यास अनुदान दुसऱ्या महिन्यापासून आपोआप सुरू होईल. पांचवा, रोग्याचें उत्पन्न मोजावें, भावाचें नव्हे. आणि सहावा, रक्कम वस्तूंच्या भावाशीं बांधून द्यावी, म्हणजे तिच्यासाठीं दर चार-सहा वर्षांनीं मंत्र्यांच्या औदार्याची वाट पाहावी लागणार नाहीं. यांत अवघड असें कांहीं नाहीं. अवघड आहे तें इतकेंच कीं, अर्जदार खोटा आहे असें धरून चालण्याची कचेरीची जुनी संवय सोडली पाहिजे.

शेवटीं आमच्या वाचकांस एक विनंति. आपली भाषा वेडाच्या बाबतींत मोठी उदार आहे. भक्तास देवाचें वेड लागतें, कवीस काव्याचें, तरुणास प्रेमाचें; आणि हीं सर्व वेडें आपणांस पूज्य किंवा निदान गोड वाटतात. परंतु खरोखरच ज्याच्या मनास दुखणें झालें तो दारांतून गेला कीं आपण मुलास आंत ओढतों, आणि त्यास महिन्याचें अनुदान मिळतें असें ऐकलें कीं 'फुकट खातो' असें म्हणतों. कचेरींतील कारकून हा आपल्यांतूनच गेलेला असतो. त्याच्या कपाळावरची आंठी ही आपल्या ओटीवरच्या बोलण्याचीच प्रत आहे. ती पुसावयाची तर आरंभ ओटीवरूनच केला पाहिजे.

आज निरोगी असलेल्या कोणाही वाचकास आपलें मन जन्मभर असेंच राहील याची हमी देतां येणार नाहीं. उद्यां आपल्या घरीं हा प्रसंग आला तर आपण राज्याकडे दयेची याचना करूं कीं हक्काची मागणी, याचा प्रत्येकानें विचार करावा. उत्तर हक्काची मागणी असें असेल, तर ती मागणी आज ज्यांच्या घरीं हा प्रसंग आला आहे, आणि ज्यांस ती उच्चारण्याचेंही त्राण उरलें नाहीं, त्यांच्या वतीनें करण्याची जबाबदारी आपणां सर्वांवर आहे.